डाव्या डोळ्याची साक्ष

माझ्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस आधी मागं वळून बघतो. ही आपल्या पाठीमागच्या कुणाशी तरी बोलतेय असं त्याला वाटतं. मग मी म्हणते, "अहो पावणं, तुमच्याशीच बोलतेय की!" तो ओशाळतो आणि माझ्या कुठल्या डोळ्यात बघावं ते न कळून कपाळाकडे बघत बोलत राहतो. उभा जन्म मी लोकांना माझ्या कपाळाशी बोलताना बघत आले. आता तुम्हाला सवय झाली असेल, असं म्हणणारे भेटतात. डोंबलाची सवय! अजून तितकाच राग येतो.

जन्मापासून माझा डावा डोळा नाकाकडे वळलेला. उजवा सरळ. हा दोष कुणामुळं आला, यावरून मी पाळण्यात असल्यापासून घरात संशय चालू होता. आमचं घर जैनांचं. कोल्हापुरात पेठेतल्या एका गल्लीत खाली भुसाराचं दुकान आणि वर दोन खोल्या. घरात आण्णा, म्हणजे माझे वडील, आई आणि मी. आण्णांची बहीण, माझी आत्या, नेसरीला दिलेली. ती आईच्या बाळंतपणाला आली होती. तिचं म्हणणं, वहिनीनं गिराण पाळलं नाही, पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसून काहीतरी चिरलं असणार. आईचं म्हणणं, नणंदेनं पाळण्यावरचे राघू एका अंगाला बांधले, पोर तिकडंच बघत राहिली आणि डोळा तिकडंच अडकला. सुईणीनं तर पहिल्या आंघोळीलाच डोळा वाकडा असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे राघू बिचारे निर्दोष. पण ऐकतो कोण? तोंडावर कुणी कुणाला काही बोललं नाही. दोघी एकमेकींना "आणखी एक भाकरी घ्या की" म्हणत आग्रह करायच्या आणि पाठ फिरली की पुन्हा तेच. आण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि खाली दुकानात जाऊन बसायचे.

बाहेरच्यांना सांगायला मात्र दोघींचं एकमत होतं. चकणी पोर भाग्याची असते म्हणे. ते भाग्य मला गल्लीत चांगलंच कळलं. शेजारची एक बाळंतीण मी जिन्यात दिसले की बाळावर पदर ओढून घ्यायची, माझी नजर लागेल म्हणून. मंडईत भाजीवाली खेकसायची, "ए पोरी, हात गवारीत आन् डोळा कुठं गं तुझा? काय उचलायचा इचार हाय व्हय?" शाळेत बाई ओरडायच्या, "माझ्याकडे बघ!" मी म्हणायची, "बघतेय की, बाई." त्यावर "वर तोंड करून खोटं बोलतेस!" आणि हातावर छडी. असं रोज झाल्यावर माणसाचं काय होणार? मीही तशीच झाले. दोघीजणी कुजबुजल्या की त्या माझ्याबद्दलच. कुणी गोड बोललं की याला काय पाहिजे असेल? दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

लोकांना वाटायचं, ही एकाच वेळी दोन ठिकाणी बघते. खरं होतं ते नेमकं उलट. ते मला आठव्या वर्षी कळलं. दुकानात आई तूर पाखडत होती, मी शेजारी बसले होते आणि फोलपट उडून माझ्या उजव्या डोळ्यात गेलं. मी तळहातानं तो डोळा दाबून धरला, आणि समोरची पोती, तराजू, आण्णा, सगळं विरघळलं. अंधार झाला नाही, उजेड होता. समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळत होतं. पण ते आण्णा, का गिऱ्हाईक, का टेकवून ठेवलेलं पोतं, ते सांगता येईना. मी हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा दाबला, पुन्हा गेलं.

मी आईला ओढतच वर नेलं आणि सांगितलं, "आई, या डोळ्यानं मला दिसत न्हाय." तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर दार लावून घेतलं. मग माझ्या तोंडावर हात ठेवला. "पुन्ना हे बोलायचं न्हाय. चकणीचं लगीन हुतं, काणीचं हुत न्हाय. आण्णांस्नीबी सांगायचं न्हाय. कळलं?" मी मान हलवली. तेव्हापासून ही गोष्ट आई आणि मी, दोघींतच राहिली.

पण मग मला माझ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. मी चहा ओतला की तो कपाच्या बाहेर का पडतो. जिन्याची शेवटची पायरी मला का लागते. सुईत दोरा ओवायला बाकीच्या मुलींना एक क्षण लागतो आणि मला अर्धी दुपार का लागते. जवळ काय आणि लांब काय, हे मला नुसतं बघून कळत नसे. सगळं भिंतीवरच्या चित्रासारखं एका पातळीत दिसायचं. मी हातानं चाचपून अंदाज घ्यायची. शाळेत टाक दौतीत बुडवायचा तर आधी बोट दौतीच्या काठाला लावायचं आणि त्या बोटाच्या कडेनं टाक आत सोडायचा. पाहुणे आले की आई कपबशा माझ्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "ती अभ्यास करतीया, तिला नगा उठवू." त्यामुळं मी हुशार आहे असा गल्लीत बोभाटा झाला.

आणि मी हुशार होतेही. खोटी लाज कशाला?

संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. माझं सातवीच्या फायनलचं वर्ष आलं. तेव्हा फायनल पास झालेल्या मुलीला ट्रेनिंग घेऊन मास्तरीण होता येत असे. त्याच वर्षी आत्यानं नेसरीचं एक स्थळ आणलं. बिजवर, चाळिशीला टेकलेला, शेतीवाडी, पहिलीची दोन पोरं. त्यांचा निरोप असा, "चकणी चालंल, पर नजर शाबूत पायजे. लेकरं सांभाळायची हायत." आईला ते स्थळ पसंत होतं. चकणीला यापेक्षा काय मिळणार, असं ती उघड म्हणायची. मी आण्णांच्या पुढं जाऊन रडले. आण्णा कमी बोलणारे, पण एकदा बोलले की बोलले. ते म्हणाले, "पास झाली तर ट्रेनिंगला घालतो. नापास झाली तर नेसरी." माझ्या सगळ्या आयुष्याचा फैसला या दोन वाक्यांत झाला होता.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. तिथल्या मास्तरांत, बाईंत मला ओळखणारं कुणी नाही. एका बाकावर दोघी. मी डावीकडं, उजवीकडं उचगावची एक मुलगी. दौतीचं भोक बाकाच्या मध्यावर, दोघींच्यात एक दौत. पहिल्या दिवशी तिनं मला अर्धा पेरू दिला. मला लगेच संशय आला, ही पेरू का देते? पण खाल्ला.

गणिताच्या पेपराला सुपरवायझर म्हणून एक मास्तर आले होते. त्यांनी पहिल्या घंटेपासून माझ्यावर नजर ठेवली असणार. मी दर दोन ओळींनी उजवीकडं वाकायची, दौतीच्या काठाला बोट लावायची, आणि समोरून बघणाऱ्याला माझा डावा डोळा सरळ शेजारणीच्या कागदात रुतलेला दिसायचा. मास्तर आले आणि त्यांनी माझा पेपर खसकन ओढला.

"ऊठ. हिच्या कागदात काय बघतीस?"

"दौत बघतेय, मास्तर."

"दौत बघायला एवढा वेळ? पहिल्यांदा बघायलीस व्हय दौत?"

सगळा वर्ग हसला. त्यांनी दोघींचे पेपर शेजारी शेजारी धरले. तिसऱ्या गणिताचं उत्तर दोघींचं सारखं, आणि दोघींचंही चुकलेलं. "हा बघा पुरावा," मास्तर म्हणाले. त्यांनी शेजारणीला विचारलं, "ही तुझं बघत होती का?" ती खाली मान घालून म्हणाली, "बघत असंल. मला काय म्हाईत?"

आता मला सांगा, माझी चूक तिच्या कागदात कशी गेली, हे तिला कुणी विचारलं का? तिचे डोळे सरळ होते ना! सरळ डोळ्यांनी कुणी काहीही उचलावं, कुणाला पत्ता लागत नाही. तिनं माझं गणित बघून लिहिलं, हा माझा संशय आजही कायम आहे. आणि मी, जगातल्या प्रत्येकावर संशय घेणारी, तिच्या बाजूला कोपर आडवं ठेवायचं विसरले. अर्ध्या पेरूनं मला गंडवलं.

मास्तरांनी मला केंद्राच्या मुख्य बाईंच्या पुढं उभं केलं. बाई म्हणाल्या, कॉपी केल्याचं लिहून दे आणि घरी जा. बाहेर वर्गात बाकीच्यांचे टाक चालले होते. मी गप्प बसले तर नापास, म्हणजे नेसरी. बोलले तर आईनं सात वर्षं झाकून ठेवलेलं सगळं चव्हाट्यावर. फार वेळ नव्हता विचार करायला. मी बोलले.

"बाई, ज्या डोळ्यानं मी तिच्या कागदात बघते म्हणताय, त्या डोळ्यानं मला दिसतच न्हाय."

"आता हे नवीन काढलं," मास्तर म्हणाले.

बाईंनाही पटलं नव्हतं. त्या उठल्या, माझ्या मागं आल्या आणि आपल्या तळहातानं माझा उजवा डोळा असा दाबला की बोटांच्या फटीतून वारासुद्धा जाऊ नये. समोर शेजारणीचा पेपर धरला. "वाच."

"पांढरं दिसतंय."

"अक्षरं?"

"न्हाय दिसत."

मग समोर काहीतरी हललं. बाईंनी विचारलं, "ही किती बोटं?"

"बोटं हायत व्हय?" मी म्हणाले.

त्यावर कुणी हसलं नाही. बाईंनी हात बदलला, डावा डोळा झाकला, आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीवरचं वेळापत्रक वरपासून खालपर्यंत धडाधडा वाचून दाखवलं. बाईंनी माझा पेपर परत दिला. शेजारणीपासून मला उठवलं आणि व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून एकटीला बसवलं, स्वतंत्र दौत दिली. अर्धा तास गेला होता. रडायला वेळ नव्हता, नाहीतर रडले असते. मी उरलेली गणितं लिहिली.

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. त्या दिवशी जेवणं व्हायच्या आत, परीक्षेला बसलेल्या मुलींच्या तोंडून, गल्लीला सगळं ठाऊक झालं होतं. आई मला एवढंच म्हणाली, "बोललीस व्हय?" आण्णांना त्या दिवशी एकदम दोन गोष्टी कळल्या. मुलीला एका डोळ्यानं दिसत नाही, आणि बायकोला ते कितीतरी वर्षं माहीत आहे. ते आईला म्हणाले, "माझ्यापासनंबी झाकलंस?" आणि न जेवता उठले. चार दिवसांत आत्याचा निरोप आला, नेसरीकर नको म्हणतात, आणि वर तिचं स्वतःचं, "काणी आमच्या गळ्यात बांधायला निघाली हुती वहिनी." निकाल लागेपर्यंत आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी तिच्या समोरून गेले की ती भांडी जास्त जोरात घासायची.

पास झाले. गणितात काठावर, पण पास झाले. आण्णांनी शब्द पाळला, ट्रेनिंगचा अर्ज आणला. अर्जाबरोबर सरकारी डॉक्टरचा दाखला हवा होता, त्यात नजर तपासलेली हवी. मी पुन्हा हादरले. स्थळ तर मोडलंच होतं. आता डॉक्टरनं नाही म्हटलं की तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं. आई बरोबर आली. वाटेत म्हणाली, "इचारलं तर थोडं थोडं दिसतं म्हण." मी म्हणाले, मी आता खोटं बोलणार नाही.

डॉक्टर वयस्क होते. भिंतीवरच्या तक्त्यावर मराठी अक्षरं, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. उजव्या डोळ्यानं मी अगदी खालची ओळ वाचली. डाव्यानं वरचं एकुलतं एक मोठं अक्षरही कळलं नाही. त्यांनी दिवा घेऊन डोळ्यात आतपर्यंत बघितलं आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "एक डोळा उत्तम आहे. शिकवायला एक पुरतो." त्यांनी सही केली. मी तो कागद दोन्ही हातांत धरला, आणि मला एवढा आनंद झाला की डॉक्टरांच्या पाया पडायचंही सुचलं नाही.

डॉक्टर हात पुसता पुसता आईला म्हणाले, "डोळा आतून निरोगी आहे हो. जन्मतः वाकडा, म्हणून त्याच्याकडून कामच घेतलं गेलं नाही, आणि तो बघायचं विसरला. लहानपणी आणायला हवी होती हिला. तीन-चार वर्षांची असताना चांगला डोळा बांधून ठेवला असता, तर याला बघावंच लागलं असतं. नजर आली असती."

आई लगेच म्हणाली, "बांधला हुता की, डाक्टरसायब! चार वर्सं बांधला हुता." आम्ही काही हयगय केली नाही, असा तिचा सूर होता.

"बांधला होता?" डॉक्टरांनी वर बघितलं. "कुठला?"

आता हे सांगायलाच हवं. मी तीन वर्षांची असताना आई मला कळंब्याच्या एका म्हातारीकडं घेऊन गेली होती. म्हातारी डोळ्यांचं औषध करायची. ती म्हणाली, "मोडक्या पायानं कुणी चालतं का? मग वाकड्या डोळ्याला का राबवायचं? त्याला इसावा द्या." म्हणून आण्णांच्या जुन्या मऊ धोतराच्या पट्ट्या फाडून, कापसाच्या बोळ्याला गाईचं तूप लावून, आई रोज सकाळी माझा वाकडा डोळा बांधायची आणि दिवस मावळताना सोडायची. शाळेत नाव घालेपर्यंत. पट्ट्या रोज उकळून, धुऊन, आत दोरीवर वाळत घालायची, कुणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून. मला वाटायचं, ही माझा डोळा लोकांपासून लपवते, हिला माझी लाज वाटते. चार वर्षं मी हा संशय मनात धरून तिच्यापुढं मान वर करून बसत होते. आणि ती बिचारी मनापासून औषध करत होती. रोज, न चुकता, नेमका उलटा डोळा बांधून.

आईचा हात माझ्या डाव्या डोळ्याकडं वर गेला आणि मध्येच थांबला.

"तिला आठवत नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "थोडेच दिवस बांधला होता." डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर मला राग आला. असा राग त्यापूर्वी कधी आला नव्हता. भाजीवाली, मास्तर, उचगावची ती, सगळ्यांवरचा राग एका पारड्यात टाकला तरी हा जड झाला असता. माझा डोळा घालवला तो कुणी दुष्टानं नाही, माझ्या आईनं, गाईच्या तुपानं. रस्त्यात ओरडून सांगावं असं वाटलं. आई दोन पावलं मागून चालत होती. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "त्यो चांगला म्हणाला, का वाकडा म्हणाला?"

"काय?"

"डोळा. कुठला बांधायचा म्हणाला?"

मी वळून बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. माझा राग कुठं गेला कोण जाणे. मला नुसतं रडू यायला लागलं, ते मी दाबलं.

"वाकडाच म्हणाला," मी म्हणाले. "पर जन्माचं असलं की गुण येतोच असं न्हाय, म्हणाला."

"असं म्हणाला?"

"व्हय की."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती जन्माची संशयी बाई, आणि मी तिचीच लेक.

संध्याकाळी स्वयंपाकाला बसताना तिनं ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात त्या पट्ट्या होत्या, घड्या घालून ठेवलेल्या. ती एकेक चुलीत घालायला लागली. इतक्यांदा धुऊनही तूप मुरलेलं होतं, भसाभस पेटत होत्या. मी विचारलं, "काय जाळतीस?"

"चिंध्या हायत," ती म्हणाली. "झुरळं हुत्यात."

त्याच जाळावर तिनं भाकऱ्या केल्या. आण्णा जेवायला वर आले. दाखला मिळाला म्हणून खुशीत होते, कितीतरी दिवसांनी आईशी नीट बोलले. म्हणाले, "डाक्टर आनि काय म्हणाला गं?"

मी आईकडं बघितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हणाला, पोरगी न्हाय आंधळी. आई आंधळी हाय."

आण्णांना ती थट्टा वाटली. ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली.